वॉशिंग मशीनमध्ये डिटर्जंट नेमकं किती टाकायचं?

लिक्विडच्या बाटलीचं झाकणभर म्हणजे एक माप, असं धरू नका. झाकणाच्या आत रेघा असतात. रोजच्या मळक्या कपड्यांना बहुतेक वेळा खालची रेघ पुरते. पाकिटावरचा आकडा किती किलो कपड्यांसाठी आहे ते आधी वाचा. मशीन 7 किलोचं असलं तरी अर्ध्या ड्रमला तेवढं डिटर्जंट लागत नाही.

फेस जास्त म्हणजे धुणं स्वच्छ, हा समज आधी सोडा. फ्रंट लोडमध्ये, म्हणजे पुढून दार असलेल्या मशीनमध्ये, कपडे वरून खाली आपटून स्वच्छ होतात. फेसाची गादी झाली की आपटणंच मंदावतं. खळबळूनही साबण राहतो, टॉवेल कडक होतात, रबराच्या कडेला चिकट थर साचून कुबट वास येतो. म्हणून तिथे कमी फेसाचंच डिटर्जंट वापरा.

पाणी जड असेल तर माप थोडं वाढवा, कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा काही भाग वाया घालवतात. गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, गडद कपड्यांवर पांढरे पट्टे उमटतात. तिथे लिक्विड बरं.

शंका असेल तर धुतलेले टॉवेल डिटर्जंट न घालता पुन्हा फिरवा. भरपूर फेस दिसला, तर पुढच्या वेळी माप निम्मं करा.