कमी बजेटमध्ये डेटिंगमधल्या खोटेपणावर मराठी रोमँटिक कॉमेडी करायची तर गोष्ट कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्येच राहता, मित्रमंडळी मिळून पैसे काढणार, स्टार कुणी नाही, आणि गोष्ट अशी की हिरो डेटिंग ॲपवर स्वतःला बडा बिल्डर म्हणून सांगतो आणि मग अडकत जातो. मी इथल्या छोट्या फिल्म्सवर, वेबसिरीजवर असिस्टंट डायरेक्टरचं काम करते, अधूनमधून संवादही लिहिते, तर त्या नात्याने सांगते. आधी तो बिल्डर काढून टाका.

कारण बिल्डर म्हटला की गाडी आली, गंगापूर रोडचा बंगला आला, साईट आली, ऑफिसात मागे फिरणारी चार माणसं आली आणि प्रत्येकाचं भाडं, चहा-नाश्ता, डिझेल तुमच्या खिशातून. बरं एवढं करून ते पडद्यावर उसनं आणलेलंच दिसतं. तुम्ही म्हणाल हिरोनेही ते उसनंच आणलंय ना, मग दिसू दे, पण हिरोची गरिबी आणि प्रोड्यूसरची गरिबी यातला फरक प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतो हो. कमी पैशात करायचं तर खोटं असं शोधा जे नुसतं तोंडाने बोलून भागेल, आणि त्याच्यामागे जे खरं आहे ते दाखवायची जागा तुम्हाला फुकटात मिळेल.

नाशिकमध्ये असं खोटं शोधायला लांब जायला नको. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षबागायतदाराचा मुलगा म्हणजे बागा आहेत, घर आहे, दारात ट्रॅक्टर, पण लग्नाचं म्हटलं की समोरून उत्तर येतं "शेतकरी नको". नोकरीवाला पाहिजे, भले पगार कितीही असो. हे सगळ्यांना माहितीये आणि यावर भाषणवाले सिनेमे पुष्कळ करता येतील, पण कॉमेडी करायची तर हा मुलगा ॲपवर लिहितो "आयटी, वर्क फ्रॉम होम". झालं, एक लॅपटॉप एवढाच खर्च.

आणि मग बघा त्याला रोज किती थापा माराव्या लागतील. पंपाची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तर रात्रीच्या पाळीत तो बागेत जागा असतो म्हणून तिला सांगतो यूएसचा क्लायंट आहे, नाइट शिफ्ट. व्हिडिओ कॉल चालू असताना मागे फवारणीचा ब्लोअर सुरू झाला तर सोसायटीचा जनरेटर. बोटांना बोर्डोचे निळे डाग (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, डावणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून मारतात, नखांतून लवकर जात नाही) तर ऑफिसचा प्रिंटर लीक झाला. कॉलेज रोडच्या कॅफेत दोघं बसलेत आणि शेजारच्या टेबलावरून व्यापारी ओरडतो, "काय भो, यंदा गाडी कधी भरायची?" तर हा म्हणतो लॉजिस्टिक्सचा क्लायंट आहे. यातल्या एकाही सीनला दोन-तीन माणसांपेक्षा जास्त लागत नाही, आणि ओळखीचं माणूस नेमकं नको तिथे भेटणं हे नाशिकमध्ये योगायोग वाटतच नाही, ते रोजचंच आहे. मुंबईत हाच सीन घातला तर प्रेक्षक म्हणेल उगाच जुळवलंय.

आता मुलगी. इथे बहुतेक स्क्रिप्ट झोपतात. ती बिचारी दीड तास फसत राहते, शेवटी रडते, हिरो पावसात माफी मागतो, आणि आपण तिच्यापेक्षा जास्त वैतागतो. माझं म्हणणं, तिला पहिल्याच भेटीत कळू दे. तीही निफाडकडची, बापाच्या बागेत वाढलेली, गारपिटीनंतरचं घर बघितलेली, म्हणून शेतकरी करायचाच नाही असं ठरवून नाशिकला मावशीकडे राहून नोकरी करणारी, आणि प्रोफाइलवर स्वतःचं गाव "पुणे" टाकलेली. तिने त्याची नखं बघितली की तिला सगळं समजलं, पण ती बोलत नाही कारण बोलली तर मोरचूद तिला कसा ओळखता आला हे सांगावं लागेल. आता दोघंही खोटे, एकाला माहिती आहे, दुसऱ्याला नाही, आणि आपल्याला दोन्ही माहिती आहे. ती मुद्दाम त्याला आयटीतले प्रश्न विचारते, डेडलाइन विचारते, त्याच्या थापा एन्जॉय करते आणि हळूहळू तिला त्याच्या थापांपेक्षा बागेबद्दल चुकून निघालेली वाक्यं जास्त आवडायला लागतात. शेवटी कधीतरी तिने फक्त एवढंच विचारायचं, "तुमच्या प्रिंटरला डावणी झालीये का?" (ही गोष्ट वापरा खुशाल, टायटलमध्ये आभार मानलेत तर नाही म्हणणार नाही.)

प्रेक्षकाला आधी सांगायचं की शेवटपर्यंत लपवायचं हा प्रश्न तुम्हाला पडेलच. 'मुंबई-पुणे-मुंबई' 2010 चा, जवळजवळ दोनच पात्रं, एक दिवस, पुण्यात हिंडणं, आणि खोटं काय होतं ते आपल्यालाही शेवटीच कळतं (बघितला नसेल तर सॉरी, पण इतक्या वर्षांत बघायला हवा होता). तिथे ते चालतं कारण स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वेंकडे नुसतं बघत बसायला लोक तयार असतात. तुमच्याकडे नवे चेहरे आहेत, तर प्रेक्षकाच्या हातात पहिल्यापासून काहीतरी द्यावं लागेल. दुसरं टोक म्हणजे देवलांचं 'संशयकल्लोळ', 1916 ला संगीत नाटक म्हणून आलं, मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं. एक तसबीर भलत्या हातात पडते आणि फाल्गुनराव बायकोवर संशय घेत सुटतो, ती त्याच्यावर, आणि प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही माहिती असतं की कुणी काहीच केलेलं नाही. एका फोटोवरून एवढा गोंधळ, आणि आपल्याला वाटतं प्रोफाइल फोटोचे घोळ आपल्याच पिढीने काढले. तुम्ही या बाजूला राहा. आपल्याला माहिती असताना समोरचा थाप मारतोय हे बघताना जे हसू येतं त्याला ना लोकेशन लागतं ना पार्श्वसंगीत.

एक गोष्ट मात्र सिरीयसली. खोटं कुठपर्यंत न्यायचं याची रेषा लिहितानाच आखा. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 69 मध्ये लग्नाचं खोटं आश्वासन देऊन किंवा फसवून शरीरसंबंध ठेवले तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ओळख लपवून लग्न करणंही त्या फसवण्यात धरलंय. म्हणजे गोष्टीत थाप बेडरूमपर्यंत किंवा तिच्या बँक खात्यापर्यंत पोचली की तो हिरो राहत नाही, आरोपी होतो, आणि मग कितीही विनोदी मित्र घाला. कॉफी, मिसळ, सोमेश्वरला चक्कर, इथवर ठेवा.

चॅटचे सीन कमी करा प्लीज. दोन माणसं दोन खोल्यांत मोबाईलकडे बघतायत आणि स्क्रीनवर बुडबुडे येतायत, हे स्वस्त आहे म्हणून सगळे करतात आणि कंटाळा येतो. त्याऐवजी त्याचे मेसेज त्याचा गडी किंवा चुलतभाऊ मोठ्याने वाचतो आणि उत्तर काय द्यायचं यावर बागेत चर्चा होते असं करा, फुकटात संवाद मिळतात आणि कॅमेऱ्याला माणसं मिळतात. ॲपही खऱ्या कंपनीचं दाखवू नका, नाव आणि लोगो स्वतःचे बनवा, नंतरची कटकट वाचते.

कॅफे उघडायच्या आधी सकाळी मिळतो, मालकाशी नीट बोला. सिंक साऊंड (शूटिंगच्या वेळचाच आवाज) घेणार असाल तर फ्रीज बंद करायला लावा, त्याची घरघर लेपल माइकवर येते आणि एडिटला जात नाही, आणि बंद केल्यावर स्वतःच्या गाडीची चावी त्याच फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे पॅकअपनंतर तो चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही, मालकाचं आइस्क्रीम वाचेल. ड्रोन शॉटचा मोह सोडा, देवळालीला तोफखाना, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला एचएएल, या शहरात ड्रोन उडवायला परवानग्यांच्या मागे जेवढं पळाल तेवढ्यात दोन सीन होतील. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे शूटिंगला परवानगी आणि फी दोन्ही. गोदाघाटावर 2027 च्या सिंहस्थाची तयारी, त्यात कंटिन्युइटी सांभाळणं अवघड, आज दिसणारी भिंत पुढच्या शेड्यूलला असेलच असं नाही.

कुणीतरी नक्की सुचवेल की क्लायमॅक्स रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) घ्या, सगळे एका रंगात, कोण कोण ते ओळखू येत नाही, थीमला कसं फिट बसतं वगैरे. बसतं, मान्य आहे. पण रहाडी वर्षातून एकदा उघडतात, तिथे धप्पा (उडी) मारणाऱ्या गर्दीत ना तुमचं कुणी ऐकणार ना रिटेक मिळणार, आणि भाड्याच्या कॅमेऱ्याचं डिपॉझिट जाईल ते वेगळं. दोन-चार शॉट मोबाईलवर घ्या हवं तर.

राहिला बागेचा भाग, तो मात्र तारखांवर आहे. घड लगडलेले दाखवायचे तर फेब्रुवारी-मार्च, त्यातही माल तुटायच्या आधी, कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तिथे नुसत्या काड्या दिसतात. डागांचं काही नाही, ते मेकअपवाला कधीही करेल. ज्यांची बाग घेणार त्यांना फवारणीच्या आणि व्यापाऱ्याच्या तारखा आधी विचारून शेड्यूल लावा, आणि युनिटला बजावून ठेवा की घडाला हात लावायचा नाही, एक्सपोर्टचा माल असेल तर मण्यावरची लव पुसली तरी भाव पडतो.