काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातल्या नटाचं वुडब्लॉक प्रिंट (लाकडी ठशाने छापलेलं चित्र) जुनं आहे की नक्कल, हे घरी कसं तपासायचं?

तुमच्या प्रिंटवर ‘तोयोकुनी’ अशी सही आहे आणि विकणारा ते १८०० च्या आसपासचं म्हणतो. सही तूर्तास सोडा. या नावाचे पहिले चित्रकार तोयोकुनी १८२५ मध्ये वारले, आणि त्यांचे शिष्य कुनिसादा १८४४ पासून हेच नाव लावू लागले. बाजारात दिसणारी ‘तोयोकुनी’ बहुतेक कुनिसादाचीच असतात.

आधी प्रिंट फ्रेममधून काढून उलटं करा. लाकडी ठशावर कागद ठेवून मागून ‘बारेन’ नावाच्या चकतीने घासत, म्हणून रंग कागदात मुरून पाठीला उमटतो आणि घासल्याच्या खुणा राहतात. पाठ कोरी पांढरी असेल तर संशय घ्या. पण मागे दुसरा कागद डकवलेला नाही ना, तेही बघा. मग १० पटीचं भिंग लावा. रंग ठिपक्यांनी बनलेला दिसला तर ऑफसेट छपाई, विषय संपला.

ठिपके नसले तरी हुरळून जाऊ नका. नवे ठसे कोरून हाताने छापलेल्या नकला भरपूर आहेत आणि त्यांत तपासणीचे आणि तारखेचे शिक्केही जसेच्या तसे कोरलेले असतात. अशा वेळी वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात तेच चित्र शोधा आणि कपाळावरच्या केसांच्या बारीक रेषा शेजारी ठेवून जुळवा. एकाच ठशातून निघालेल्या प्रतींत रेषांची वळणं तंतोतंत जुळतात. पुन्हा कोरलेल्यात ती हमखास चुकतात. शाराकू या चित्रकाराचं असेल तर एवढाही खटाटोप नको. त्याने १७९४-९५ मध्ये जेमतेम १० महिने काम केलं. स्वस्तात मिळालेला शाराकू नक्कलच.

साल शिक्क्यांवरून काढायचं. समजा ‘वाघ, ७’ असा शिक्का आहे, म्हणजे वाघाच्या वर्षाचा सातवा महिना. जपानी पंचांगात वर्षांना प्राण्यांची नावं असतात आणि वाघाचं वर्ष दर १२ वर्षांनी येतं: १८४२, १८५४, १८६६. सरकारी तपासणीचा ‘आरातामे’ शिक्का शेजारी वेगळा असेल तर १८५४. दोन्ही एकाच गोलात असतील तर १८६६. भडक अॅनिलिन (कृत्रिम रंग) लाल किंवा जांभळा दिसला तर १८६० च्या दशकाआधीचं नाही.

नट ओळखताना एक फसगत होते. नटांच्या चित्रांवर १८४२ मध्ये आलेल्या सरकारी बंदीनंतर बरीच वर्षं नटाचं नाव छापत नसत, त्यामुळे चौकटीतलं नाव बहुधा भूमिकेचं असतं. कपड्यावरचं घराण्याचं चिन्ह बघा: एकात एक तीन चौकोन म्हणजे इचिकावा दानजूरो. कपाळावर जांभळं फडकं असलेली ‘बाई’ म्हणजे ओन्नागाता, आपल्याकडच्या स्त्रीपार्टीसारखा पुरुष नट. मुंडलेलं कपाळ त्याखाली झाकलेलं.

परत फ्रेम करताना सेलोटेप लावू नका, डाग जात नाही. काच कागदाला टेकू देऊ नका आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. शिक्क्यांचा जवळून फोटो टाकलात तर वर्ष सांगतो.