शाळेत तीन खेळ खेळणाऱ्या माझ्या मुलीच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला आहे. जिद्दीने मेहनत केली तर ती याच शैक्षणिक वर्षात मैदानावर परतू शकेल का?

तुम्ही लिहिले आहे की न्यू जर्सीत दहावीत शिकणारी तुमची मुलगी शरद ऋतूत सॉकर, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि वसंतात ट्रॅक (धावण्या-उड्यांच्या स्पर्धा) असे तिन्ही हंगाम खेळते, ऑक्टोबरमधल्या सामन्यात तिचा एसीएल फाटला, नोव्हेंबरच्या मध्यावर शस्त्रक्रिया ठरली आहे आणि ‘बास्केटबॉल गेले तरी ट्रॅकला मी उतरणारच’ असा तिचा हट्ट आहे. यापुढे एकच खेळ ठेवावा का, हेही तुम्ही विचारले आहे. मी अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे हायस्कूलचे खेळाडू बरेच येतात, म्हणून आधी स्पष्ट उत्तर देते: येत्या वसंतातल्या स्पर्धांत तिने उतरू नये.

फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी सर्जन बहुधा तिच्याच गुडघ्याच्या वाटीजवळच्या किंवा मांडीच्या कंडरेचा तुकडा बसवतात. त्या तुकड्यात नव्याने रक्तवाहिन्या शिरून त्याचा अस्थिबंध घडण्यास कित्येक महिने लागतात आणि मधल्या काळात तो मजबूत होण्याआधी काहीसा दुबळा होतो. अडचण अशी की नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात आणि मुलगी जिने भराभर चढू लागते. ‘चालायला लागली म्हणजे बरी झाली’ असे भारतातून फोनवर सांगणाऱ्या आजी-आजोबांना ही गोष्ट पटवणे सोपे नसते, आणि खुद्द खेळाडूला पटवणे त्याहून अवघड असते, कारण तिला दुखतच नसते. नॉर्वे आणि अमेरिका येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले तितके गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. हे नऊ महिने शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजायचे असतात, त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाबतीत ते ऑगस्टच्या मध्यावर पूर्ण होतील.

एकच खेळ खेळणाऱ्या मुलीचा हंगाम बुडाला की पुढच्या हंगामापर्यंत तिला आपोआप सवड मिळते. तीन खेळ खेळणारीसमोर मात्र दर तीन-चार महिन्यांनी नवा संघ, नवे प्रशिक्षक आणि नव्या निवड चाचण्या उभ्या राहतात, आणि प्रत्येक वेळी ‘आता तरी’ हा प्रश्न नव्याने निघतो. तिची खरी कसोटी इथे लागते. माझ्याकडे आलेली अशीच एक मुलगी हिवाळाभर बास्केटबॉल संघाच्या बाकावर बसून गुणपत्रक लिहीत असे, वसंतात ट्रॅकच्या सरावाला जाऊन आमच्या परवानगीने फक्त सरळ रेषेत धावत असे आणि उड्यांच्या वेळी मैत्रिणींची अंतरे मोजत असे. ऑगस्टमध्ये नऊ महिने भरले, तरी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या मांडीतली ताकद दुसऱ्या पायाच्या मानाने नव्वद टक्क्यांच्या बरीच खाली होती, म्हणून आम्ही तिला आणखी थांबवले. त्या दिवशी ती खूप रडली. पण दुसऱ्या दिवशी व्यायामाला आली आणि सॉकरच्या हंगामाच्या उत्तरार्धात, सगळ्या चाचण्या पार करून, खेळली.

मुले हमखास एड्रियन पीटरसनचे उदाहरण देतात. डिसेंबर २०११ मध्ये गुडघा निकामी झालेला हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू पुढच्या सप्टेंबरमध्ये परतला आणि त्या हंगामात २,०९७ यार्ड धावून सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो व्यावसायिक संघाच्या देखरेखीखालचा प्रौढ पुरुष होता, एवढेच मी त्यांना सांगते. त्यापेक्षा बास्केटबॉलपटू ॲझी फडकडे पाहावे. २०१९ मध्ये, शाळेत असतानाच, तिचा एसीएल फाटला. २०२३ मध्ये महाविद्यालयात ही दुखापत पुन्हा झाली आणि तो जवळजवळ पूर्ण हंगाम गेला. आणि एप्रिल २०२५ मध्ये कनेटिकट विद्यापीठाच्या विजेत्या संघात ती अंतिम फेरीची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

एकच खेळ ठेवण्याबद्दल म्हणाल, तर घाबरून तसे करू नका. वर्षभर एकाच खेळाचा मारा झाल्याने अतिवापराच्या दुखापती वाढतात, म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एका खेळात अडकू नये आणि आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी असे सुचवते. फक्त परतल्यावर शाळेचा एक संघ आणि त्याच वेळी बाहेरचा क्लब, असे दुहेरी ओझे पहिल्या वर्षी नको.

विमा कंपन्या थेरपीच्या भेटींवर अनेकदा वार्षिक मर्यादा घालतात. ती आजच विचारून घ्या, भेटी सगळ्या पहिल्या तीन महिन्यांत संपवू नका आणि शाळेत ॲथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापतींची काळजी घेणारे) असतील तर त्यांची मदत घ्या. शस्त्रक्रियेआधीच्या भेटीत सर्जनना दोन गोष्टी विचारा: तिच्या हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण झाली आहे का, कारण त्यावर शस्त्रक्रियेची पद्धत ठरते, आणि मैदानावर सोडण्यापूर्वी ते ताकदीच्या व उड्यांच्या कोणत्या चाचण्या घेतात. दुसऱ्या प्रश्नाला नुसती तारीख एवढेच उत्तर मिळाले, तर आणखी एका सर्जनचे मत जरूर घ्या.