३ आणि ७ वर्षांच्या मुलींना घेऊन राणीची बाग एका दिवसात होते का?

होते. पण करू नका.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर नाशिकहून परळला राहायला येताय, मॉलमध्ये फिरायचा मुलींना कंटाळा आलाय आणि सुरुवात भायखळ्याच्या राणीच्या बागेपासून करायची आहे. मी लालबागची. माझा मुलगा आणि भाची यांच्यातही असंच चार वर्षांचं अंतर, त्यामुळे तुमच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते मला नीट माहीत आहे.

आमची पहिली खेप रविवारची. घरातून निघता निघता उशीर झाला, पोचलो भर अकराला आणि थेट पेंग्विनच्या रांगेत उभे राहिलो. आत जायची वेळ आली तेव्हा चिरंजीव माझ्या खांद्यावर गाढ झोपलेले. भाची तेवढी काचेला नाक लावून बघून आली आणि बाहेर येऊन म्हणाली, "एवढेच?" मग वाघ, अस्वल, हरणं असं सगळं उरकायच्या नादात दुपारचे दोन वाजले आणि फाटकाशी दोघांनी एकदमच भोकाड पसरलं. रात्री मुलाला विचारलं, काय आवडलं? तर म्हणाला, नळ. एका गळक्या नळाखाली कावळा अंघोळ करत होता, तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

तेव्हापासून आमचा नियम ठरला: एका खेपेला एकच गोष्ट, फार तर दोन. परळहून ते सहज जमेल. रेल्वेने भायखळा तिसरं स्टेशन, बसने तर आंबेडकर रोडने सरळ रस्ता. नाशिकहून एका दिवसासाठी आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

पहिली खेप झाडांची करा. ऐकायला विचित्र वाटेल, पण ही आधी बाग आहे आणि मग प्राणिसंग्रहालय. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन म्हणून ती लोकांसाठी उघडली, प्राणी पुष्कळ वर्षांनी आले. आज पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, पण टॅक्सीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे राणीची बागच म्हणतात. मुलींना कैलासपती दाखवा. त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून लोंबतात, आणि फुलात डोकावलं की नागाच्या फण्याखाली पिंड ठेवल्यासारखी दिसते. फळं तोफेच्या गोळ्याएवढी असतात, तेव्हा झाडाच्या बरोबर खाली उभं राहू देऊ नका. पडून फुटलेल्या फळाचा वास हा मुलांच्या दृष्टीने स्वतंत्र कार्यक्रम आहे. थंडी सरता सरता गेलात तर उर्वशीच्या झाडावर फुलांचे लाल-पिवळे झुबके कदाचित दिसतील. सात वर्षांच्या मुलीच्या हातात एक कापडी पिशवी द्या: खाली पडलेलं उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही. धाकटी आपोआप मागे लागते.

दुसऱ्या खेपेला पक्ष्यांचा मोठा पिंजरा. यात आपणच आत शिरून चालतो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. कडेवरच्या मुलाला हे फार आवडतं, कारण मान वर केली की काम झालं. त्यालाच जोडून पाणघोडा घ्या. तो बराच वेळ नुसता पाण्यात बुडालेला असतो आणि "बाहेर कधी येणार?" हा प्रश्न तुम्हाला चाळीस वेळा ऐकावा लागेल. ऐका. बाहेर आला की जी किंकाळी निघते ना, तिच्यासाठी थांबायचं.

पेंग्विन मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी उघडल्या उघडल्या. मोठीला आधी सांगून ठेवा की हे बर्फातले नव्हेत. हम्बोल्ट जातीचे आहेत, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. नाहीतर ती बर्फ शोधत बसेल आणि तिचा विरस होईल. माझ्या भाचीचं तेच झालं होतं.

आणि एक हत्ती आहे, जो बहुतेक लोक न बघताच पुढे जातात. बागेच्या दाराशीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते तुकडे जोडून तो या बागेत उभा केला. सात वर्षांच्या मुलीला सांगा, "याचे सांधे शोध." अर्धा तास निघतो. विलायतेला न गेल्याचा आनंद तिला होईल की नाही माहीत नाही, मला दर वेळी होतो.

खाण्याचं म्हणाल तर घरून न्या. गूळ-तुपाची पोळी गुंडाळून, किंवा दशम्या. फरसाण नको, तहान लागते आणि मग शू, आणि मग स्वच्छतागृह लांब. आत गेल्या गेल्या मोठीला स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवून ठेवा, पुढे तीच धाकटीला घेऊन पळते.

बाकीच्या बागांबद्दल थोडक्यात. मलबार हिलचा म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर, तुमच्या धाकटीसाठी. समोरच हँगिंग गार्डन, प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं. ती बाग पाण्याच्या भल्यामोठ्या टाकीच्या छपरावर आहे, हे ऐकल्यावर माझा मुलगा पाय आपटून बघत होता, आवाज येतो का म्हणून. धारावी-सायनचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ३७ एकरांचं, पूर्वी तिथे कचऱ्याचं डम्पिंग होतं. पावसाळा संपताना फुलपाखरांसाठी जा, झोपाळे-घसरगुंडीच्या आशेने नको. ती हौस घराजवळच्या महापालिकेच्या बागेत भागवा, पण उन्हं कलल्यावर. अशा बऱ्याच बागा दुपारी बंदही असतात, आणि लोखंडी घसरगुंडी तापली की काय होतं ते पोरांच्या मांड्यांना विचारा.

हो, राणीची बाग बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी असते आणि मग दुसऱ्या दिवशी बंद. आम्ही अशाच एका गुरुवारी दोन मुलं, तीन डबे आणि छत्री घेऊन बंद दारासमोर उभे होतो.