शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन शाहिरांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबाच्या सामन्यात, पहिल्यांदा उभा राहणार असशील तर

तू तुरेवाला की शक्तीवाला, हे आधी अंगी भिनव. तुरा शिवाचा, शक्तीकडे कलगी. थोरपण कुणाचं यावरच सगळं भांडण. त्यामुळे समोरच्या बाजूचे मुद्देही पाठ हवेत. नवशिके आपलीच बाजू वाचतात आणि दुसऱ्याच पदाला अडकतात.

गण आणि गवळण घरून बांधून ने. तिथे हजरजबाबीपणा लागत नाही, गळा तापवायला वेळ मिळतो. खरी परीक्षा सवालाची. सवाल ऐकताना शेवटची ओळ आणि तिचं यमक पकड, बाकीचं गौण. उत्तर रचताना उलट्या क्रमाने जा: घाव घालणारी चौथी ओळ आधी, मग तिला जुळणारी यमकं, पहिली ओळ सगळ्यात शेवटी. सरळ क्रमाने रचलंस तर चौथ्या ओळीला यमकासाठी ओढूनताणून शब्द आणावा लागतो, आणि तेवढ्यात प्रेक्षक हसतात.

वेळ कोरस देतो. धृपद दोनदा घोळवायला सांग. तेवढ्यात पुढचं कडवं जुळतं. चाल मात्र ओळखीचीच घे. नवी चाल आणि नवे शब्द एकदम सांभाळता येत नाहीत.

पट्टी अर्ध्या स्वराने खालीच ठेव, पहाटेपर्यंत गायचंय. गणपतीच्या दिवसांत दमट हवेने मृदुंगाचं चामडं सैल पडतं, म्हणून बारी, म्हणजे सामना, सुरू होण्याआधी सूर पुन्हा तपासून घे.

टोमणा शाहिराच्या विद्येवर मार, घरच्या माणसांवर नको. आणि ज्या सवालाचा पुराणातला दाखला तुलाच देता येत नाही, तो टाकूच नकोस; समोरचा तो उलटा तुझ्याकडेच मागतो.