शेत रिकामं निघालं तरी लिही

प्रिय,

ग्रीसमधल्या पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी, म्हणजे न खणता शेतांतून चालत जुन्या वस्त्यांच्या खुणा शोधण्याच्या कामासाठी, तुझी निवड झाली हे वाचून मनापासून आनंद झाला. जाण्याआधी काय वाचू, असं तू विचारलं आहेस. वाचायची यादी तिथले लोक देतीलच. शेतात उतरल्यावर कामाला येईल ते मी सांगतो.

आपल्याकडे जुनी वसाहत शोधायची म्हणजे गावाजवळची पांढर शोधायची. मातीची घरं शेकडो वर्षं पडत राहिली, त्यांवर नवी उठत राहिली, त्यातून टेकाड झालं. ते लांबूनच नजरेत भरतं. ग्रीसच्या बिओशिया प्रांतात इसवीसनपूर्व चौथ्या शतकातल्या शेतकऱ्याचं घर तसं सापडणार नाही. दगडी जोतं, वर कच्च्या विटांच्या भिंती, छपरावर भाजलेली कौलं, असं ते घर. काही पिढ्या वापरलं आणि सोडून दिलं. विटांची माती झाली, जोत्याचे दगड पुढच्यांनी उचलून नेले. उरली कौलं आणि खापरं, आणि तीही नांगराने पसरवून टाकलेली. ऑलिव्हच्या दोन रांगांमध्ये कौलांचे तांबूस तुकडे जरा दाट दिसतील, त्यांत काळ्या चकचकीत लेपाच्या वाडग्याचा एखादा काठ आणि नशीब असेल तर जात्याचा काळा ज्वालामुखी दगड. एवढंच ते घर.

चालण्याची पद्धत अवघड नाही. साधारण १५ मीटर अंतर ठेवून सगळे एका ओळीत निघतात, आणि प्रत्येकजण आपल्या डाव्या-उजव्या अंगाचा एकेक मीटर बघतो. हिशोब केलास तर शेताचा जेमतेम १३ टक्के भाग नजरेखालून जातो. खापर दिसलं की हातातला काउंटर दाबायचा. शेत संपलं की दोन आकडे लिहायचे: खापरं किती, आणि जमीन किती टक्के दिसत होती. दुसरा आकडा दमलेली माणसं अंदाजपंचे टाकून देतात. माझ्या मते तोच जास्त मोलाचा. निम्मी जमीन गवताखाली असताना ४० खापरं मोजलीस, तर ती ८० धरता येतील. पण जमीन दहाच टक्के दिसत असेल तर चार खापरांची चाळीस करणं म्हणजे शुद्ध कल्पना. आणि शून्य मोजलंस तर? नांगरून पाऊस पडून गेलेल्या, ढेकळं धुतली गेलेल्या शेतातलं शून्य आणि काटेरी झुडपांतलं शून्य यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. पहिल्यात तिथे बहुधा काही नव्हतं. दुसऱ्यात आपल्याला काहीच कळलेलं नाही. नकाशावर मात्र दोन्ही सारखीच पांढरी दिसतात. म्हणून शेत रिकामं निघालं तरी फॉर्म पूर्ण भर.

रिकाम्या वाटणाऱ्या जागांकडे नीट पाहायला शिकवलं ते जॉन बिंटलिफ आणि अँथनी स्नॉडग्रास या पुरातत्त्वज्ञांच्या बिओशियातल्या कामाने. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते सुरू झालं. त्यांनी वस्त्यांबाहेरचीही खापरं मोजली, तेव्हा थेस्पियाईसारख्या नगराभोवती खापरांचा विरळ पण सलग थर दिसला. त्यांनी त्याचं कारण खतात शोधलं. घरातला केरकचरा आणि फुटकी मडकी उकिरड्यावर जायची, आणि तिथून शेणखताबरोबर शेतात. खेड्यात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. तरी सुझन अल्कॉक, जॉन चेरी आणि जॅक डेव्हिस यांनी घेतलेले आक्षेप गंभीरपणे वाच. धूप, नांगरट, मोडलेल्या छोट्या वस्त्या, यांतूनही तसाच थर पडू शकतो. मला स्वतःला नगरांच्या आसपास खताचं स्पष्टीकरण पटतं, सरसकट सगळीकडे नाही.

आता जरा जपून राहण्याची गोष्ट. इसवीसनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकातल्या अँफोरांच्या, म्हणजे तेल-दारू भरायच्या दोन कानांच्या रांजणांच्या, अंगावर बारीक समांतर कंगोरे असतात. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा सापडला तरी काळ सांगता येतो. त्याआधीच्या दोन-तीन शतकांतल्या साध्या भांड्याचा तसाच तुकडा हातात आला तर जाणकारही ‘बहुधा रोमन’ म्हणून बाजूला ठेवतो. परिणाम असा, की रोमन काळाच्या अखेरच्या शतकांत खेडी एकदम गजबजली, असं चित्र उभं राहतं. काही प्रमाणात ते खरंही असेल, पण त्यातला काही भाग कंगोऱ्यांनी केलेला आहे. प्रागैतिहासिक खापरांचं उलट होतं. ती कमी भाजलेली, ठिसूळ. नांगराच्या फाळाखाली त्यांचा भुगा होतो. सखल भागात तर नद्यांच्या गाळाखाली अख्खी जुनी जमीनच गाडली गेलेली असते, तिथे वरून चालून काहीच कळत नाही. म्हणून चमूत भूरूपांचा अभ्यासक असेल तर त्याच्याशी दोस्ती कर.

आणि नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे खापरं दाट सापडलेल्या जागेला, लगेच ‘शेतघर’ म्हणू नकोस. इटलीत टस्कनीतल्या चिनिज्यानोजवळ किम बोव्ह्ज यांच्या चमूने २००९ ते २०१४ या काळात, वरून रोमन काळातल्या गरीब शेतकऱ्यांची घरं वाटावीत अशा छोट्या जागा खणून पाहिल्या. कुठे घर निघालं, कुठे जनावरांचा गोठा, कुठे शेतमालावर प्रक्रिया करायची जागा, तर कुठे नुसती शेतातलं पाणी काढायची चर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तिथला शेतकरी एका घरात बसून नव्हता, त्याचा संसार आणि काम आख्ख्या शिवारात पसरलं होतं. त्याच्याविषयी कुणा लेखकाने लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा त्याची दखल घेणं आपल्यावरच आहे. घाईने नाव देऊन त्याचं आयुष्य एका ठिपक्यात कोंबू नये.

पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलने लिही, शाई पुसते; एक चिठ्ठी आत, एक बाहेर. १९५०च्या दशकापासून पुरातत्त्वज्ञ जॉन वॉर्ड-पर्किन्स यांनी रोमच्या उत्तरेला दक्षिण एट्रुरियात सर्वेक्षण चालवलं, तेव्हा ट्रॅक्टरची खोल नांगरट जुन्या जागा वर काढत होती आणि त्याच फेऱ्यात मोडतही होती. पुढे १९९७ मध्ये सुरू झालेल्या टायबर व्हॅली प्रकल्पाने तीच खापरं कोठारातून काढून नव्याने तपासली, कालनिर्णय सुधारले. चिठ्ठ्या शाबूत होत्या म्हणूनच हे जमलं. टॅबलेट आणि जीपीएस तिथे असतीलच, ते दोन दिवसांत हाताखाली येतात.

गावातल्या माणसांशी बोल. उभ्या पिकात पाय टाकू नकोस, आधी विचार, भाषा येत नसली तरी ‘कालिमेरा’ (सुप्रभात) म्हणून थांब. फाळ किती खोल जातो, बांध कधी घातला, खड्डा बुजवायला माती ट्रकने कुठून आणली, हे शेतकऱ्यालाच ठाऊक असतं. बाहेरून आलेल्या मातीबरोबर बाहेरची खापरंही येतात, आणि हे न विचारता तिथे वस्ती मांडली की पुढचा सगळा नकाशा चुकतो. त्याने सांगितलेलं त्याच दिवशी वहीत उतरव.

पोचलीस की पहिल्याच आठवड्यात खापरं धुण्याचं काम मागून घे. नवख्यांना ते कंटाळवाणं वाटतं, पण माती हाताला कशी लागते, कौलाचा तुकडा आणि जाड भांड्याचा तुकडा यांत फरक काय, लेप कुठे झिजतो, हे ब्रश हातात असतानाच समजतं. त्यानंतर शेतात गेलीस की नजर आपोआप बदललेली असेल. पहिले दहा-बारा फॉर्म भरून झाले की त्यांचे फोटो मला पाठव, दृश्यमानतेचे आकडे आपण मिळून तपासू.