अंतर स्वस्त झाले, तरी उद्योग एकवटतात का?

प्रश्न : मालवाहतूक स्वस्त झाली, संदेश तर क्षणात पोहोचतो. असे असताना जगातील उद्योग सर्वत्र पसरण्याऐवजी मोजक्या प्रदेशांत दाटीवाटीने का आढळतात?

उत्तर : अंतर स्वस्त झाले की उद्योग पांगतील, हे आपण गृहीत धरले आहे. आर्थिक भूगोलाला बऱ्याचदा याच्या उलट आढळते. वाहतूक महाग असेपर्यंत प्रत्येक प्रदेशाला गरजेचा माल जवळपासच तयार करावा लागतो. ती स्वस्त झाली, की एका ठिकाणी प्रचंड प्रमाणावर उत्पादन करून माल दूरदूर पाठवणे परवडते. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये हाच विचार गणिती स्वरूपात मांडला.

मात्र एकवटण्याचे ठिकाण कोणते, हे प्रत्येक उद्योगात निराळ्या कारणाने ठरते. एक टन ॲल्युमिनियमसाठी सुमारे चार टन बॉक्साइट लागते. त्यातून आधी दोन टन अल्युमिना निघते आणि तिच्यापासून धातू मिळवण्यासाठी जवळजवळ चौदा-पंधरा हजार युनिट वीज खर्च होते. त्यामुळे बॉक्साइटची एकही खाण नसलेल्या आइसलँडमध्ये, केवळ जलविद्युत आणि भूऔष्णिक विजेच्या बळावर, हा धातू तयार होतो. येथे कच्चा माल विजेकडे प्रवास करतो.

संगणकीय चिपचे गणित याहून वेगळे आणि, माझ्या मते, अधिक रंजक आहे. चिप वजनाला नगण्य, म्हणजे वाहतूकखर्चाचा प्रश्नच फारसा नाही. तरीही अत्याधुनिक चिपचे उत्पादन मुख्यतः तैवानमध्ये एकवटले आहे. १९८० मध्ये शिन्चू येथे विज्ञान-उद्यान उभे राहिले आणि अभियंते, पुरवठादार, दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले. कागदावर न उतरणारे कौशल्य अशा सहवासातच हस्तांतरित होते, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच ओळखले होते. शिवाय या चिपसाठी लागणारी अतिप्रगत मुद्रणयंत्रे (चिपवर प्रकाशाने सूक्ष्म आकृत्या उमटवणारी यंत्रे) नेदरलँड्समधील एकच कंपनी बनवते आणि त्यांचे आरसे जर्मनीतून येतात. म्हणजे एका दाटीला दुसऱ्या दाटीची गरज भासते.

आपले म्हणणे अगदीच चुकीचे नाही. दाटीमुळे जमीन आणि मजुरी महागते, आणि वाहतूकखर्च आणखी घटला की शिवणकामासारखे श्रमप्रधान उद्योग बांगलादेशसारख्या कमी मजुरीच्या देशांकडे सरकतात. तिथेही ते देशभर विखुरत नाहीत. ढाका आणि चितगाव यांच्या आसपासच नव्याने दाटी करतात.